डोरीनची गिनती

डोरीन वॉयटोविचने आयुष्यात ज्या माणसाला सर्वांत वाईट मारलं, तो तेव्हा जमिनीवर पडलेला होता. ती पहारेकरी होती त्या तुरुंगात दंगल झाली त्या दिवसाची गोष्ट. एका कैद्याने टूथब्रशची दांडी घासून केलेला सुरा तिच्या सहकाऱ्याच्या मानेत खुपसला. डोरीनने त्याचा हात पिरगाळून त्याला पाडलं आणि सुरा पायाने लांब सरकवला. इथपर्यंत सगळं नियमात होतं. मग तिने बूट उचलला. त्या माणसाचा जबडा फुटला आणि दात फरशीवर पडले. सहकारी वाचला. चौकशीत तिला विचारलं, पडलेल्याला दुसऱ्यांदा का मारलंस? ती म्हणाली, "मारावंसं वाटलं म्हणून." तिला वेळेआधी निवृत्त करण्यात आलं.

सॅस्कॅचेवन प्रांताच्या उत्तरेकडच्या त्या गावात निम्म्या घरांतला कुणी ना कुणी तुरुंगात असतो, गजांच्या या बाजूला किंवा त्या. त्यामुळे डोरीनकडे कुणी बोट दाखवलं नाही. दुकानात लोक तिला थोडी जास्त जागा देत, एवढंच.

निवृत्तीनंतर तिच्या हातांना काम उरलं नाही. नवरा आधीच मेंदूतल्या गाठीने गेला होता. मुलगी कॅलिना गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत होती. अशात स्कूल बस चालवून निवृत्त झालेल्या गॉर्डी हॅल्केटने तिला एका उद्योगाला लावलं. एका विद्यापीठाला कर्करोगावरच्या औषधांसाठी लाखो रेणू तपासायचे होते. तेवढी मोठी यंत्रं त्यांच्याकडे नव्हती. म्हणून त्यांनी हिशेबाचे बारीक तुकडे केले आणि ज्यांच्या घरी कॉम्प्युटर रिकामे बसलेत त्यांना वाटायला सुरुवात केली. तुकडा घ्यायचा, सोडवायचा, मुदतीत परत पाठवायचा. मोबदला काही नाही. लोक टीम करून एकमेकांशी चुरस करत. यांच्या टीमचं नाव होतं 'उणे चाळीस'.

डोरीनने तळघरात कॉम्प्युटरचे जुने उभे डबे, टॉवर, आणून मांडले. दणकट, पत्र्याचे, पंख्यांचा घरघराट करणारे. हिवाळ्यात त्यांच्या उबेवर तळघर चालायचं. तिथेच दोरीवर कपडे वाळायचे, तिथेच पेरोगीच्या करंज्यांचं पीठ झाकून ठेवलेलं असायचं. रोज सकाळी कॉफीचा मग घेऊन ती खाली उतरे आणि पडद्यावर टीमचं पान उघडे. कुणाचं यंत्र शेवटचं केव्हा बोललं, ते त्या पानावर ओळीने दिसे. डोरीन याला गिनती म्हणायची. तुरुंगात दिवसाची सुरुवात गिनतीने होते, आणि ती जुळल्याशिवाय कुणी जागचा हलत नाही.

गॉर्डीकडे टॉवर नव्हते. त्याच्याकडे फोन होते. भाच्यांनी, नातवंडांनी, शेजाऱ्यांनी टाकून दिलेले, काचा तडकलेले, बटणं रुतलेले. बिस्किटं गार करायच्या जाळीवर तो ते उभे करून ठेवी, जाळी खिडकीला लागून, म्हणजे फटीतून येणारा वारा फुकटात त्यांना गार ठेवी. एकदा त्यातल्या एकाची बॅटरी पावासारखी फुगली, फाटली, आणि पडद्याने पेट घेतला. गॉर्डीने जळता फोन चिमट्याने उचलून बर्फात फेकला. त्याच्या मनगटावर अजून डाग आहे.

"खेळणी आहेत ती," डोरीन म्हणायची. "जरा गरम झाली की झोपतात. चार्जर काढला की झोपतात. वायफाय गेलं की झोपतात. माझा टॉवर बघ. सुट्टी नाही, रजा नाही."

"जेलरबाई, तुझा एक डबा जेवढी वीज खातो ना, तेवढ्यात माझी अख्खी जाळी जेवून उठते."

"आणि काम किती करते? माझ्या निम्म्याच्या निम्मं."

"पण कामाला वीज मोजून लावली तर तू हरतेस. म्हणून तू ते मोजत नाहीस."

"मी मुदत मोजते, ड्रायव्हर. तुझ्या पोरांचे तुकडे मुदत उलटून परत येतात, मग तोच तुकडा दुसऱ्या कुणाला करावा लागतो."

हा वाद ते वर्षानुवर्षं करत होते, आणि दोघांनाही तो संपायला नको होता.

कॅलिनाला टीममध्ये घेतलं तेव्हा दोघांनीही आपापला धर्म तिच्या घरात नेला. डोरीनने तिच्या बैठकीच्या खोलीत एक टॉवर नेऊन बसवला. गॉर्डीने तिच्या फोनवर त्या हिशेबाचा प्रोग्राम घालून दिला. कॅलिना वृद्धाश्रमात रात्रपाळी करायची. सकाळी घरी यायची, काहीतरी खायची, फोन चार्जरला लावायची आणि झोपायची. फोन चार्जरवर असेल, बॅटरी जवळजवळ भरलेली असेल आणि कुणी तो हातात घेतला नसेल तेव्हाच तो प्रोग्राम काम करतो. म्हणून तिच्या फोनचे तुकडे नेहमी दुपारी यायचे. टॉवर मात्र सदानकदा बोलत असे.

कॅलिनाचा नवरा क्लेटन खिडक्यांच्या काचा बसवायचा. हसरा माणूस. डोरीनला 'सासूबाई' म्हणताना एक भुवई वर करायचा. त्याने कॅलिनाला मारायला केव्हा सुरुवात केली, हे पुढे पोलिसांनी विचारलं तेव्हा कॅलिनाला नेमकं सांगता आलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात असेल, ती म्हणाली. तिने आईला कधी सांगितलं नाही. आईला एकच उपाय येतो, आणि तो केला की आई गजांच्या पलीकडे जाणार, जिथे तिने तीस वर्षं ज्यांना कोंडलं त्यांच्या बहिणी आणि बायका बसल्या आहेत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

जानेवारीत कॅलिनाच्या फोनचे तुकडे अर्धवट यायला लागले. मग मुदत उलटून. मग येईनासे झाले. डोरीन रोज सकाळी गिनती करायची, त्या ओळीवर तिची नजर अडायची आणि ती खूश व्हायची. गॉर्डीला फोन लावून सांगायची, "तुझं खेळणं मेलं." त्याच घरातला टॉवर खालच्या ओळीत ठणठणीत बोलत होता. घर जागेवर आहे, वीज आहे, सगळं ठीक आहे.

तिने कॅलिनाला निरोप पाठवला. 'तुझा फोन टीमला खाली ओढतोय. काहीतरी कर.'

उत्तर उशिराने आलं. 'चार्जर खराब आहे आई.'

डोरीनने नवा चार्जर विकत घेतला आणि गाडी काढली. दार क्लेटनने उघडलं, अर्धंच.

"झोपलीय ती. रात्रपाळी करून आलीय."

"तिला हे दे. आणि सांग, बॅटरी जास्त तापली की प्रोग्राम थांबतो, तो आकडा थोडा वाढवून ठेव म्हणावं."

"सांगतो की, सासूबाई." त्याने चार्जर घेतला, भुवई उंचावली. आतून टॉवरच्या पंख्याची घरघर येत होती. डोरीनला ती ऐकून बरं वाटलं. ती परत गेली. तिच्या निरोपाचं उत्तरही, फोन फोडायच्या आधी, त्यानेच लिहिलं होतं, हे तिला नंतर कळलं. ती दारात उभी होती तेव्हा कॅलिनाचा फोन दोन तुकड्यांत कचऱ्याच्या पिशवीत होता, आणि कॅलिना दारापासून दहा पावलांवर, तोंडात टॉवेलचा बोळा धरून, मोडलेलं मनगट पोटाशी घेऊन न्हाणीघराच्या फरशीवर बसली होती. आवाज केलास तर म्हातारीला आत घेऊन तिचंही हेच करीन, असं तिला सांगून झालं होतं.

काही दिवसांनी गॉर्डी माशाचं सूप घेऊन डोरीनकडे आला. ती तळघरात होती. तिने पडद्याकडे बोट दाखवलं.

"बघ. अजून मेलेलाच. नवा चार्जर दिला तरी. तापला की बसतो तुझा फोन. टॉवर बघ."

गॉर्डीने चष्मा लावला आणि बराच वेळ तो पडदा बघत राहिला.

"बाहेर किती आहे?" त्याने विचारलं.

"उणे चौतीस."

"या थंडीत फोन तापून बसला? माझे जाळीवरचे सगळे घोड्यासारखे पळतायत."

"मग चार्जर पुन्हा..."

"डोरीन, तू तिच्याशी शेवटचं कधी बोललीस? तोंडाने?"

डोरीनने टॉवरच्या ओळीवर बोट ठेवलं.

"तुझा डबा काय सांगतो?" गॉर्डी म्हणाला. "त्या घरात वीज आहे. बस. विजेचं बिल भरलं की तो बोलणार, घरात माणूस असो, नसो, मरो. फोनचं तसं नाही. माणूस घरी आला, त्याने फोन भिंतीला लावला आणि डोळे मिटले, तरच तो बोलतो. तो गप्प आहे म्हणजे पोरगी एवढे दिवस झोपलेली नाही. नाहीतर घरी नाही."

डोरीनने कॉफीचा मग खाली ठेवला. तुरुंगात नव्या पहारेकऱ्याला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवतात. पांघरुणाचा ढीग मोजायचा नाही. कातडी दिसली पाहिजे, छाती हलताना दिसली पाहिजे. कैदी उशा गुंडाळून ठेवतात, कपड्यांची माणसं करतात, आणि कधी कधी पांघरुणाखालचा माणूस रात्रीच मेलेला असतो. ती स्वतः हे नव्या पोरांना ओरडून सांगायची. एकाने ढीग मोजला म्हणून तिने त्याची गचांडी धरून त्याला भिंतीवर आपटलं होतं.

आणि गेले कित्येक दिवस ती रोज सकाळी कॉफी पीत ढीग मोजत होती.

तिने वृद्धाश्रमात फोन लावला. कॅलिना फ्लूने आजारी आहे, नवऱ्याने कळवलंय, तिथल्या बाईने सांगितलं.

"पोलिसांना लाव," डोरीन गॉर्डीला म्हणाली. ती कोट घालत होती.

"तू काय करणारेस?"

"गिनती."

"डोरीन, त्याला हात लावलास तर तू आत जाशील. तुझं आधीचं प्रकरण आहे. एकदा मारलंस तर बचाव म्हणता येईल. दुसऱ्यांदा मारलंस की संपलं. मग पोरीला कोण?"

"मला माहीत आहे."

"मला नाही वाटत तुला माहीत आहे. मी येतो."

तिच्या ट्रकमधून दोघं निघाले. गॉर्डी वाटेत पोलिसांशी बोलत होता. महामार्गावर ट्रक उलटले होते, पोलिसांच्या दोन्ही गाड्या तिकडे होत्या, एक मोकळी झाली की येते, असं उत्तर मिळालं. डोरीनने ट्रक दारासमोर उभा केला, इंजिन चालू ठेवलं.

"इथेच बस. दारं लावून घे."

दार पुन्हा अर्धंच उघडलं.

"झोपलीय," क्लेटन म्हणाला. तो अनवाणी होता, बनियनवर.

"कुशीवर की पालथी?"

"काय?"

"मला बघायचीय."

"सासूबाई, उगाच तमाशा..." त्याने दार ढकललं. डोरीनचा बूट फटीत होता. तिने खांदा लावला. तीस वर्षं तिने कोठड्यांची दारं अशीच उघडली होती. दार त्याच्या नाकावर आदळलं आणि ती आत होती.

"कॅलिना!"

आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. क्लेटनने नाकावर हात फिरवला, तळव्यावरचं रक्त पाहिलं, आणि स्टुलावरचा टॉवर उचलला. तारा ताणून तुटल्या. पंखा शेवटचा फिरत असतानाच त्याने तो तिच्या डोक्यावर आणला. डोरीन वाकली. टॉवर खांद्यावर बसला आणि काहीतरी आत करकन वाजलं. पण तिचा उजवा हात शाबूत होता, आणि तिला एवढंच पुरे होतं. तिने त्याची दोन बोटं धरली आणि मागे मोडली. तो किंचाळून वाकला तसा तिने हात पिरगाळून पाठीवर नेला, गुडघ्यामागे लाथ घातली, तो तोंडावर आपटला. तिने त्याच्या कण्यावर गुडघा टेकवला. त्याच्या तोंडातून गालिच्यावर लाल फेस आला.

"हलू नकोस," ती म्हणाली. "हललास तर खांदा उखडेल. मी उखडणार नाही, तूच उखडशील."

तो हलला. खांदा निघाला. त्याचा आवाज ओल्या फांदीसारखा होता.

न्हाणीघराकडच्या बोळाच्या तोंडाशी कॅलिना उभी होती. एक डोळा पूर्ण मिटलेला, ओठ फाटून सुकलेला, मनगट भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळलेलं. ती आईकडे बघत नव्हती. ती स्वयंपाकघरात गेली आणि ओतीव लोखंडाचा तवा डाव्या हातात घेऊन आली.

"कॅलिना, ठेव ते. धरलाय मी त्याला."

"मला दिसतंय."

"पोलीस येतायत."

"येऊ देत." तिने तवा क्लेटनच्या पाठीत, बरगड्यांवर घातला. त्याच्या छातीतली हवा शिट्टी वाजल्यासारखी बाहेर पडली. मग ती एक पाऊल पुढे सरकली आणि तवा पुन्हा उचलला. या वेळी तिची नजर त्याच्या डोक्यावर होती. चेहऱ्यावर राग नव्हता. एखादं काम उरकायला घेतल्यासारखी ती शांत होती.

डोरीनला तो चेहरा आरशात कधी दिसला नव्हता. पण आतून तो कसा लागतो ते तिला माहीत होतं. माणूस खाली पडलेला असतो, सुरा लांब गेलेला असतो, आणि तरी बूट उचलला जातो.

तिचा एकच हात चालत होता. त्या हातात क्लेटन होता.

तिने क्लेटनला सोडलं आणि पोरीचं मनगट हवेत पकडलं. तवा थांबला. दोघी क्षणभर तशाच उभ्या राहिल्या, तवा दोघींच्या डोक्यावर.

"दुसऱ्यांदा नाही," डोरीन म्हणाली.

क्लेटन तेवढ्यात उठला होता. चांगल्या हाताने त्याने टॉवर पुन्हा उचलला आणि त्याचा पत्र्याचा कोपरा डोरीनच्या चेहऱ्यात घातला. गालाचं हाड आत गेलं. ती पडली तशी कॅलिना तिच्या अंगावर आडवी झाली आणि किंचाळायला लागली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच मोठ्याने ओरडत होती. शेजारच्या घराचं दार उघडल्याचा आवाज आला. क्लेटन दाराबाहेर पळाला.

समोर चालू ट्रक होता. तो ट्रककडे धावला, काचेवर रक्ताळलेला हात आपटायला लागला. गॉर्डी आत बसला होता. चाळीस वर्षं त्याने बसमध्ये न येऊ द्यायच्या माणसांना असंच दाराबाहेर ठेवलं होतं. त्याने गियर टाकला आणि ट्रक सावकाश पुढे नेला. क्लेटन ट्रकच्या मागे पळाला. गॉर्डीने अजून थोडा पुढे नेला. असं त्याने त्याला गल्लीच्या टोकापर्यंत चालवलं. उणे चौतीसला अनवाणी माणूस फार लांब जात नाही. पोलिसांना तो एका छपरीमागे बसलेला सापडला. पायांची बोटं डॉक्टरांनी नंतर काढून टाकली. उरलेलं न्यायालयात चालू आहे.

इस्पितळात पोलीस डोरीनच्या खाटेशी बसला. तरुण होता. त्याचे वडील तिच्याबरोबर पहाऱ्यावर असायचे.

"तुम्ही त्याला धरलं होतं. खांदा निखळला होता. मग सोडलंत का?"

डोरीनच्या जबड्याला तार होती. शब्द दातांतून बाहेर काढावे लागत होते.

"तिला धरायला हात हवा होता."

त्याने ते लिहून घेतलं. कॅलिनाने घातलेला पाठीतला एक फटका त्याने बचावात धरला. दुसऱ्या फटक्याबद्दल लिहायला काही नव्हतंच.

डोरीन घरी आली ती डाव्या डोळ्याने धूसर बघत. कॅलिना तिच्याकडेच होती, वरच्या जुन्या खोलीत. गॉर्डीने आपल्या जाळीवरचा एक फोन तिला आणून दिला.

"चांगल्या वर्तणुकीबद्दल एक कैदी सोडलाय," तो म्हणाला. "तापट आहे. सांभाळून."

कॅलिनाने सवयीने तो खाटेशेजारच्या खुर्चीवर चार्जरला लावला. पण गिनतीत त्याची ओळ गप्पच होती. ती झोपतच नव्हती. दर थोड्या वेळाने तो हातात घेई, वेळ बघे, परत ठेवी. सकाळी दिवाणावर बसून खिडकीतून रस्ता बघे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या तिने बेसिनमध्ये टाकल्या. चौथ्या की पाचव्या दिवशी डोरीनने तिच्यापुढे बोर्श्टचा, बिटाच्या सूपचा, वाडगा ठेवला आणि विचारलं, "काय हवंय तुला? सांग. मी आणते."

"तो आवाज," कॅलिना म्हणाली.

"कुठला?"

"खालचा. पंख्यांचा. तिथे तो सतत चालू होता. मी न्हाणीघरात, आणि तो चालू. तू दाराशी येऊन गेलीस, तेव्हाही तो चालू."

डोरीन कठड्याला धरून तळघरात उतरली. टॉवर ओळीने घरघरत होते. एकाचा तुकडा जवळजवळ संपत आला होता, पडद्यावर दिसत होतं. ती त्याच्यासाठी थांबली नाही. तिने पहिल्याचं बटण दाबलं, मग दुसऱ्याचं, मग पुढचं. पंखे एकेक करून मंदावले. शेवटचा थांबल्यावर तिला घर तापवणाऱ्या भट्टीच्या नळातल्या पाण्याचा आवाज आला, जो या घरात तिने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. दुपारपर्यंत तळघरातली ऊब निघून गेली. ती कोट घालून तिथेच खुर्चीवर बसून राहिली.

गॉर्डीचा फोन आला.

"अगं, तुझे सगळेच्या सगळे मेलेत! वीज गेली का?"

"मी मारले."

"तू?"

"हळू बोल."

"पण गंमत माहीत आहे का, जेलरबाई? माझा तो कैदी आताच कामाला लागलाय. पडद्यावर दिसतोय. बघ."

डोरीनने पडदा बघितला नाही, पडदाही तिने बंद केला होता. फोन तसाच ठेवून ती जिना चढून वर गेली, एका हाताने कठडा धरत, प्रत्येक पायरीच्या कडेला पाय देत, म्हणजे लाकूड करकरू नये. दार उघडं होतं. खुर्चीवरचा फोन चालू होता. खाटेवर पांघरुणाचा ढीग होता.

ती दारातच उभी राहिली. उजवा डोळा बारीक करून ती ढिगाकडे बघत होती. कॅलिनाची मान पांघरुणाबाहेर होती, त्यावर पिवळा पडत चाललेला वळ होता. कातडी दिसली. मग तिने छातीकडे बघितलं आणि वाट पाहिली. पांघरूण वर गेलं, खाली आलं, आणि पुन्हा वर गेलं.